नॉब नंतर, आधी ड्रिपर हातात घ्या

जळगाव एमआयडीसीत ठिबकच्या नळ्या काढणाऱ्या लाइनवर मेंटेनन्सला लागणाऱ्या आयटीआयच्या पोरांसाठी हे लिहितोय. फिटर ट्रेडची दोन वर्षं करून आलेल्याला बेअरिंग बदलता येतं, गिअरबॉक्स उघडता येतो. पण आमच्याकडे लाइन सगळ्यात जास्त वेळा थांबते ती फीडरपाशी, म्हणजे ड्रिपर एकेक करून लाइनला पुरवणाऱ्या यंत्रापाशी, आणि त्याबद्दल वर्गात फारसं कोणी बोललेलं नसतं.

इनलाइन नळीत ड्रिपर, म्हणजे पाणी थेंबाथेंबाने सोडणारा प्लॅस्टिकचा तुकडा, बाहेरून टोचत नाहीत, नळी तयार होतानाच तो आत बसतो. एक्स्ट्रूडरच्या (प्लॅस्टिक वितळवून नळी काढणाऱ्या यंत्राच्या) डायमधून पॉलिथिलीन २०० अंशांच्या आसपास मऊ होऊन बाहेर येतं, त्याच वेळी आतून चपटा ड्रिपर सोडला जातो आणि नळीच्या भिंतीला चिकटतो. पुढे गार पाण्याची टाकी, मग भोक पाडणारा पंचर, मग नळी गुंडाळणारा वाइंडर. मिनिटाला ६० मीटर नळी आणि ३० सेंटिमीटरचं अंतर धरा: मिनिटाला २०० ड्रिपर लागले. एक चुकला की लाइनवर काही कळत नाही, रावेर-यावलच्या केळीच्या मळ्यात कळतं. तेवढी एक जागा कोरडी राहते आणि शेतकरी बंडल घेऊन डीलरच्या दारात उभा राहतो.

आता बाऊल, म्हणजे फीडरची थरथरणारी वाटी. खाली इलेक्ट्रोमॅग्नेट, त्यावर तिरक्या बसवलेल्या पट्टीच्या स्प्रिंगा, वर वाटी. मॅग्नेट ओढतो, स्प्रिंगा परत ढकलतात, आणि सुपात पाखडताना दाणे सरकावेत तसे ड्रिपर बारीक उड्या मारत कडेच्या ट्रॅकवरून वर चढतात. आपली वीज ५० हर्ट्झची. कंट्रोलर फुल वेव्हवर असेल तर सेकंदाला १०० ठोके, हाफ वेव्हवर ५०. ट्रॅकवर वायपर आणि हवेचा बारीक झोत असतो, उलटा किंवा आडवा आलेला ड्रिपर ते परत वाटीत पाडतात. सरळ आलेलेच पुढे रेलमध्ये, म्हणजे लाइनकडे नेणाऱ्या अरुंद खाचेत जातात. (फार वेगवान लाइनवर बाऊलऐवजी फिरत्या तबकडीचा सेंट्रिफ्यूगल फीडर असतो, त्याचं तंत्र वेगळं.)

ऑपरेटर हाक मारतो, ‘भाऊ, फीडर बंद पडनं!’ नवा माणूस धावत येतो आणि पहिला हात कंट्रोलरच्या नॉबला लावतो. व्हायब्रेशन वाढवलं की दहा मिनिटं चालतंही. मग ड्रिपर जास्त उडायला लागतात, सरळ आलेलेही वायपरपाशी खाली पडतात, माल वाटीतच फिरत राहतो आणि रेल पुन्हा रिकामी. शिवाय पुढच्या शिफ्टला मूळ सेटिंग काय होतं ते कोणालाच ठाऊक नसतं. माझं ऐका, नॉबवर पेंटने खूण करून घ्या आणि खूण जिथे आहे तिथेच ठेवा.

अडलेल्या जागेचा ड्रिपर चिमट्याने काढा आणि उजेडात धरा. सांध्याच्या रेषेवर बारीक पापुद्रा दिसला तर दुखणं फीडरचं नाहीच, मोल्डिंगचं आहे. साचा झिजला की फ्लॅश येतो, आणि रेलमध्ये जेमतेम मोकळीक असते. अशा वेळी रेल घासून रुंद करणारे महाभाग मी पाहिलेत. त्यानंतर चांगला मालही तिरका होऊन अडतो, आणि रेल बदलण्यावाचून गत्यंतर राहत नाही. खराब नग पिशवीत भरा, लॉट नंबर लिहा, क्वालिटीच्या टेबलवर नेऊन ठेवा. भांडायचं असेल तर पुरावा हातात असू द्या.

ड्रिपर चांगला असेल तर ट्रॅक बघा. तेलकट हात, प्लॅस्टिकची भुकटी, आणि कापसाच्या हंगामात आजूबाजूच्या जिनिंगमधून उडत येणारा तंतू. तंतू सेन्सरच्या काचेवर बसला तर रेल रिकामी असूनही सेन्सर ‘भरली’ म्हणतो, आणि बाऊल निवांत थांबून राहतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ बनियन कापड पुरतं. ट्रॅकला वंगण कधीही लावू नका. तेल ड्रिपरबरोबर नळीत जातं आणि तिथे तो चिकटत नाही.

ऋतूंचं गणितही इथे चालतं. कोरड्या थंडीत ड्रिपर स्टॅटिकने वाटीला आणि एकमेकांना चिकटतात. स्टॅटिक घालवणारा आयोनायझर बार असेल तर त्याच्या सुया पुसा, अर्थिंग तपासा. पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या लाइनमध्ये पाणी येतं. एफआरएलचा (हवेच्या लाइनवरच्या फिल्टर-रेग्युलेटर-लुब्रिकेटरचा) पाणी साठणारा बाऊल रोज सकाळी ड्रेन करा, नाहीतर हवेच्या झोताबरोबर थेंबही उडतात.

हे सगळं ठीक असूनही माल मंद चढत असेल तर मग खाली वाका. मेन स्विच बंद, कुलूप लावून. स्प्रिंगेच्या पट्टीला तडा गेलेला सहसा डोळ्याला दिसत नाही, पण क्लॅम्पपाशी तांबूस भुकटी दिसली तर तिथे काहीतरी हलतंय हे नक्की. बोल्ट टॉर्क रेंचने तपासा. पट्टी बदलताना जाडी तीच हवी आणि मधले स्पेसर परत बसलेच पाहिजेत. जाडी बदलली की सगळं ट्युनिंग बिघडतं. कॉइलची गॅप फीलर गेजने दोन्ही बाजूंना मोजा. कमी असेल तर आर्मेचर (मॅग्नेट ओढतो ती लोखंडी पट्टी) आपटून खडखड ऐकू येते, जास्त असेल तर कॉइल तापते. आणि बाऊलचं टेबल डगमगत असेल तर वरचं सगळं करून काही उपयोग नाही, अर्धी ताकद जमीनच खाते.

आपल्याकडची बरीच पोरं वरणगावच्या आयुध निर्माणीत अप्रेंटिसशिपला जायचं म्हणतात, त्यांच्यासाठी एक गोष्ट. १९६४ची ही फॅक्टरी २०२१पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आहे, लहान शस्त्रांची काडतुसं तिथे बनतात. काडतुसाच्या बुडात प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारी छोटी टोपी, बसवायचा तर प्रश्न ओळखीचाच आहे: बारीक वस्तू, एकेक करून, एकाच तोंडाने, वेळेवर. पण प्रायमर ठोक्याने पेटावा म्हणूनच बनवलेला असतो, स्टॅटिकची ठिणगीही त्याला चालत नाही. अडला तर रेटायचा, ठोकायचा, खरवडायचा नाही. थांबायचं, सांगायचं, आणि त्या खात्याची जी लेखी पद्धत असेल तेवढंच करायचं. ठिबकच्या लाइनवर चिमटा चालवायची लागलेली सवय गेटबाहेर ठेवून जा.

स्टोअरमध्ये स्प्रिंगांचा एक पूर्ण सेट, एक कॉइल आणि एक सेन्सर कायम असावा, यावर अडून बसा. कंट्रोलर सहजासहजी जात नाही. वाटीचं आतलं कोटिंग मात्र झिजतं, आणि ते परत करून घ्यायला वाटी बाहेर पाठवावी लागते. म्हणून शेतकऱ्यांची मागणी मंदावते तेव्हाच ती काढा; लग्नसराई संपून पेरणीपूर्वीची घाई सुरू झाली की मॅनेजर तुम्हाला लाइन तासभरही बंद ठेवू देणार नाही.