हनोईत एक कोपरा धरा आणि तिथेच जेवा

मी सोलापुरात बावीस वर्षं मेस चालवली. त्यामुळे परगावी गेले की माझी नजर आधी चुलीकडे जाते. २०२४ मध्ये मुलीने आम्हा दोघांची व्हिएतनाममधल्या हनोईची तिकिटं काढली, तेव्हा जो तो एकच विचारायचा, "अहो, पण यांच्या जेवणाचं काय?" कारण आमचे हे माळकरी. लग्नाआधीपासून गळ्यात तुळशीची माळ, अंडंसुद्धा चालत नाही. मी माळ घातलेली नाही, कोंबडी-अंडं खाते. आठ दिवस दोघंही फुटपाथवर जेवलो आणि दोघांचीही पोटं ठणठणीत राहिली. ते कसं जमवायचं ते सांगते. व्हिसाचं फार अवघड नाही, सरकारी साइटवर ई-व्हिसा निघतो, एका वेळच्या प्रवेशाला २५ डॉलर.

राहायला जुन्या शहरात जा, होआन किएम तळ्याच्या वरच्या अंगाला. या भागाला ३६ गल्ल्यांचा भाग म्हणतात. गल्लीच्या नावात बहुतेक 'हांग' असतं, म्हणजे माल. हांग बाक चांदीची, हांग मा पूर्वजांसाठी जाळायच्या कागदी वस्तूंची, हांग थिएक पत्र्याची. आपल्याकडे पुण्यात तांबट आळी आहे तसंच. काही गल्ल्यांतला मूळ धंदा गेला, पण हांग थिएकमध्ये अजून पत्रा ठोकल्याचा आवाज येतो. खोली रस्त्याच्या बाजूची मागून घ्या. झोपेचं थोडं खोबरं होतं, पण खिडकी हवीच.

आमच्या खिडकीखाली एक बंद शटर होतं. सकाळी सहाला त्याच्यासमोर एक बाई दोन टोपल्या घेऊन बसायची. नऊला ती उठली की शटर वर जायचं आणि बॅगांचं दुकान लागायचं. साडेअकराला शेजारच्या बोळाच्या तोंडाशी कोळशाची शेगडी पेटायची, धुराने अख्खी गल्ली भरायची. दोनच्या आत शेगडी आवरलेली. मग एक आजी बर्फाचा डबा, चहाची किटली आणि चार स्टुलं मांडायची. अंधार पडला की त्याच फरशीवर बिअरचे पेले. एकाच फरशीवर दिवसाला इतके संसार मांडले आणि मोडले जातात. म्हणून माझा सल्ला असा, की मोबाइलमधली पन्नास ठिकाणांची यादी घेऊन गावभर फिरू नका. खोलीजवळचा एक कोपरा धरा, त्याच्या चारही वेळा बघा आणि तीन दिवस तिथेच जेवा. तिसऱ्या दिवशी स्टूल तुमच्यासाठी आपोआप सरकतं.

हाक मारायची पद्धत आधी शिका. तिथे कोणाला नावाने किंवा 'मॅडम' म्हणून बोलवत नाहीत. आपल्यासारखंच ताई, दादा, मावशी, आजी. स्वतःपेक्षा थोडी मोठी असेल तर 'ची', मावशी-आत्याच्या वयाची असेल तर 'को', धाकट्याला 'एम', आणि पुढे 'अय' जोडायचं. 'को अय!' आपल्याकडे कोणाला 'अय' म्हटलं तर भांडण होईल, तिथे तीच गोड हाक. पहिल्या दिवशी माझ्या तोंडून ते निघेना, दुसऱ्या दिवशी यांच्याच तोंडून निघाल्यावर मी दचकले.

आता शाकाहाऱ्यांसाठी, जरा सविस्तर. शाकाहाराला शब्द आहे 'चाय'. हो, चाय. आणि हनोईकडे चहाला म्हणतात 'चा'. मी पहिल्या दुपारी चहाच्या आजीला दोनदा 'चाय, चाय' म्हणाले, तर तिने मला हाताला धरून पलीकडच्या गल्लीत शाकाहारी खाणावळीसमोर नेऊन उभं केलं. चहा राहिला, पण यांचं दुपारचं जेवण सापडलं. 'तोय आन चाय', मी शाकाहारी खातो, हे वाक्य हॉटेलच्या पोराकडून कागदावर लिहून घ्या आणि खिशात ठेवा. सोबत 'खोंग नुअक माम' हेही लिहून घ्या. खोंग म्हणजे नको, आणि नुअक माम म्हणजे माशाचं पाणी. मासे मिठात महिनोन्महिने मुरवून काढलेला हा अर्क आपल्या फोडणीसारखा सगळीकडे असतो. पालेभाजीतसुद्धा. त्याऐवजी 'सी झाव', म्हणजे सोयासॉस, मागायचा.

एक गोष्ट मात्र कागदाने सुटत नाही. फो, म्हणजे मांसाच्या पाण्यातल्या तांदळाच्या शेवया. (तिथे ओठ गोल न करता 'फअ' म्हणतात आणि सूर प्रश्न विचारल्यासारखा वर नेतात.) फोचं पाणी हाडं तासन्‌तास उकळूनच होतं. "मांस काढून द्या" म्हणणं म्हणजे मटणाच्या फोडी काढून रस्सा शाकाहारी म्हणून वाढणं. माळकऱ्याने फो फक्त 'चाय' पाटीच्या दुकानात घ्यावा. माझ्यासारख्यांनी पाटीवर गा आहे की बो ते बघावं. गा म्हणजे कोंबडी, बो म्हणजे गाय-बैल, आणि उत्तरेकडे डुकराला लन म्हणतात. ही अक्षरंही त्याच कागदावर उतरवून घ्या.

जाण्याच्या तारखा ठरवताना घरची दिनदर्शिका काढा. तिथले पुष्कळ बौद्ध चांद्र महिन्याच्या पहिल्या तिथीला आणि पौर्णिमेला मांस सोडतात, आपली एकादशी असते तसंच. त्या दिवशी चाय पाटीची दुकानं गच्च भरतात आणि एरवी न विकणारेही टोफूचे पदार्थ मांडतात. आपली आणि त्यांची तिथी एखाद्या दिवसाने पुढेमागे होऊ शकते, एवढं धरून चाला.

सकाळच्या त्या टोपलीवाल्या बाईकडे आम्ही रोज खाल्लं. पदार्थाचं नाव सोय सेओ. हळद घातलेला पिवळा चिकट भात, वाफेवरचा. तिच्या डाव्या हातात शिजवून घोटलेल्या मूगडाळीचा घट्ट गोळा, नारळाएवढा. उजव्या हातात सुरी. भात केळीच्या पानावर घेतला की गोळ्यावरून सुरी अशी सरसर फिरवायची की डाळीचे पातळ कागद भातावर पडत. वर तळलेला कांदा, आणि शेवटी एका बाटलीतून चमचाभर तूप. म्हणजे मला ते तूप वाटलं. वास घेतला, तर चरबी. यांच्या पानाला मी वेळेत हात आडवा केला. 'खोंग म', चरबी नको, हे दोन शब्द इथे लागतात. कांदाही चरबीत तळलेला असू शकतो, म्हणून यांनी कांदाही सोडला. भात आणि डाळ एवढंच. वीस हजार डोंगाला एक पान.

वीस हजार ऐकून घाबरू नका. आम्ही गेलो तेव्हा एका रुपयाला साधारण ३०० डोंग मिळत होते. विक्रेते हजार गाळूनच बोलतात, 'तीस' म्हणजे तीस हजार. खायच्या आधी भाव विचारा, बायका कॅल्क्युलेटरवर आकडा दाखवतात, त्यात लाज नाही. टेबलावर आपणहून ठेवलेले शेंगदाणे आणि ओला रुमाल फुकट नसतात, नको असतील तर हात लावू नका. आणि वीस हजाराची नोट निळी, पाच लाखाचीही निळसर. मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या घाईत वीसच्या जागी पाच लाख दिले आणि चालू लागले. बाई टोपली सोडून माझ्यामागे धावत आली, नोट माझ्या मुठीत कोंबली आणि मला चार शब्द सुनावले. कळले नाहीत, पण माझ्या आईने सुनावले असते तेच असणार. तेव्हापासून पाच लाखाच्या नोटा यांच्या आतल्या खिशात.

यांना सगळ्यात आवडलं ते बान कुअन. उकळत्या पातेल्यावर कापड ताणून बांधलेलं. त्यावर तांदळाचं पातळ पीठ पळीने ओतून पळीच्याच पाठीने गोल फिरवायचं, झाकण, आणि दहा-वीस अंक मोजेपर्यंत पारदर्शक पापुद्रा तयार. बांबूची चपटी काठी खालून सरकवून तो अलगद उचलायचा. आमच्याकडे उन्हाळ्यात फेण्या घालताना पोरं ओल्याच पळवतात ना, तीच चव. आत खिम्याचं सारण भरतात, त्यामुळे 'खोंग न्यन', सारण नको, म्हणायचं. माझ्या पानात मात्र सारण होतं, आणि मला विचाराल तर ओल्या फेणीला सारणाची गरज नाही.

स्टॉल निवडायला मेसवालीची नजर वापरा. ज्या बाईकडे एकच पदार्थ आहे तिच्याकडे बसा. दहा पदार्थांची रंगीत पाटी आणि रिकामी स्टुलं असली की पुढे चला. वाट्या धुतात ती बादली बघा, पाणी काळं असेल तर भूक मारा. बर्फ मधे भोक असलेल्या नळीसारखा असेल तर तो कारखान्यातला, चालतो. वेळ पाळा, बुन चा, म्हणजे कोळशावर भाजलेलं डुकराचं मांस आणि तांदळाच्या शेवया, हे दुपारचं जेवण आहे, दीडनंतर उरलासुरला माल. स्टुलं पाटाएवढी बुटकी असतात. गुडघे कुरकुरत असतील तर दोन एकावर एक ठेवून बसा, कोणी हसत नाही. आणि अचानक सगळे उठून स्टुलं उचलायला लागले तर आपली वाटी हातात घ्या आणि तुम्हीही उठा. दादरला फेरीवाल्यांत पालिकेची 'गाडी आली' म्हटल्यावर होतं तेच. पाच मिनिटांत पुन्हा मांडामांड.

रस्ता ओलांडायचं एकच तंत्र. मोटारसायकलींचा लोंढा थांबेल याची वाट बघू नका, तो थांबत नाही. एका चालीने, हळू, सरळ चालत राहा, ते तुम्हाला वळसा घालतात. मधेच थबकणं किंवा मागे फिरणं हाच धोका. हे पहिल्यांदा मधोमध थांबून 'विठ्ठल विठ्ठल' करू लागले आणि दोन्हीकडून शिव्या बसल्या. बस आणि मोटार आली तर मात्र तुम्ही थांबा.

खांद्यावर कावड घेतलेल्या बायका दिसतील. एखादी हसत हसत कावड तुमच्या खांद्यावर ठेवते, फोटो होतो, आणि मग चार केळ्यांचे भरमसाट पैसे मागते. हात जोडून बाजूला व्हा. मात्र बान रान विकणारी दिसली तर भाव ठरवून दोन घ्या. वर तीळ, आत मुगाचं गोड पुरण, तळणीच्या मोदकाची चुलत बहीण. उसाचा रसही मिळतो, त्यात लिंबाऐवजी इवलीशी आंबट संत्री पिळतात. आपल्या रसवंतीवाल्यांनी एकदा करून बघावं.

अंड्याची कॉफी मी एकटीने घेतली. १९४६ मध्ये दुधाची टंचाई होती, तेव्हा मेट्रोपोल हॉटेलात काम करणाऱ्या न्गुएन व्हान ज्यांग यांनी दुधाऐवजी अंड्याचा बलक फेटून घातला. त्यांचं 'ज्यांग' कॅफे अजून चालू आहे. कप गरम पाण्याच्या वाटीत ठेवून देतात. अंड्याचा वास येत नाही, खरवस चमच्याने खातोय असं वाटतं. यांनी समोर बसून नारळाची कॉफी प्यायली आणि माझ्या कपाकडे बघणं टाळलं.

शेवटच्या सकाळी आम्ही टोपलीवाल्या 'को'कडे गेलो. आता तिला काही सांगावं लागत नव्हतं, यांना बघितलं की ती चरबीची बाटली टोपलीमागे ठेवायची. यांनी पिशवीतून शेंगाचटणीची उरलेली पुडी काढून तिला दिली. हेही लिहून ठेवा, कडक भाकरी आणि शेंगाचटणी सोबत असावीच. तिथे चिकट भातावर शेंगदाणे-तिळाची मीठ घातलेली पूड भुरभुरतात, त्यामुळे पुडीत काय आहे हे तिने वासावरूनच ओळखलं. चिमूटभर भातावर टाकून तिने खाल्लं. हनोईचं जेवण तिखट नसतं. तिचा चेहरा लाल झाला, डोळ्यांत पाणी आलं, तिने दोन ग्लास पाणी प्यायलं, आणि मग शटर उघडायला आलेल्या बॅगांच्या दुकानाच्या मालकाला हाक मारून त्यालाही चटणी चाखायला लावली.