जंतू कुठल्या लॅबमधला? या कामात येऊ पाहणाऱ्यांसाठी

रोगजंतूंचा उगम शोधायच्या कामात यायचं तर आधी काय शिकू, असं एम.एस्सी.ची मुलं विचारतात. सॉफ्टवेअर नंतर शिका. आधी २००१ चं अमेरिकेतलं अँथ्रॅक्स प्रकरण मुळापासून वाचा, असं मी सांगते. अँथ्रॅक्स हा जीवघेणा रोग करणाऱ्या जिवाणूचे बीजाणू पावडरीच्या रूपात टपालातून पाठवले गेले, २२ जणांना लागण झाली, त्यातले ५ दगावले. जिवाणू एम्स स्ट्रेनचा (स्ट्रेन म्हणजे एकाच जिवाणूचा उपप्रकार), १९८१ मध्ये टेक्सासमधल्या गायीत सापडलेला. तो अनेक लॅबमध्ये वाटला गेला होता, त्यामुळे नुसत्या स्ट्रेनवरून काहीच ठरत नव्हतं. प्लेटवर वाढवल्यावर मात्र जिवाणूंचे काही पुंजके, म्हणजे कॉलनी, वेगळ्या दिसल्या. त्यांच्यातली म्युटेशन्स, म्हणजे डीएनएमधले बदल, शोधून चार चाचण्या बसवल्या, हजाराहून जास्त नमुने तपासले, आणि माग फोर्ट डेट्रिकच्या, म्हणजे अमेरिकी लष्कराच्या संशोधन केंद्राच्या, एका फ्लास्कपर्यंत गेला.

इथेच वाचन थांबवू नका. २०११ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च काउन्सिलच्या समितीने सांगितलं, की केवळ वैज्ञानिक पुराव्यावर त्या पावडरीचं मूळ ठामपणे ठरवता येत नाही. तशीच म्युटेशन्स लॅबमध्ये वाढवलेल्या दुसऱ्या कल्चरमध्ये स्वतंत्रपणेही होऊ शकतात. 'जुळतं' आणि 'तिथूनच आलं' यांतलं अंतर ज्याला जपता येतं, तोच या कामाला लायक, असं माझं ठाम मत आहे. म्हणून संख्याशास्त्र टाळू नका.

निसर्गाच्या खुणांवर विसंबण्यापेक्षा आपणच जंतूच्या जीनोममध्ये, म्हणजे त्याच्या संपूर्ण डीएनएमध्ये, ओळखीचा छोटा क्रम घालायचा, ही बारकोडची कल्पना. २०१० मध्ये अमेरिकेतल्या व्हेंटर या संशोधन संस्थेने कृत्रिम जीनोममध्ये अशा खुणा लिहिल्या होत्या. क्रम अशा जागी हवा, की कुठलंही जनुक बिघडणार नाही. पिढ्यान्‌पिढ्या तो टिकतो का, हेही तपासावं लागतं. पण कुठला बारकोड कुणाला दिला, हे रजिस्टरमध्ये नसेल तर त्या खुणेवरून काहीच सिद्ध होत नाही. नव्या मुलांना नोंदी ठेवणं कारकुनी वाटतं. मला तो प्रयोगाचाच भाग वाटतो.

आपल्याकडे जनुकीय बदल केलेल्या सूक्ष्मजीवांना १९८९ चे नियम लागू आहेत. संस्थेच्या जैवसुरक्षा समितीशी बोलल्याशिवाय काही सुरू करू नका.

सुरुवातीला घातक जंतू हाताळायची गरजही नसते. लिनक्स शिका, जाहीर उपलब्ध असलेले जीनोम उतरवून घ्या आणि त्यांच्यातलं नातं दाखवणारा वंशवृक्ष काढून बघा. पुण्यात एनआयव्ही (राष्ट्रीय विषाणू संस्था) आणि एनसीसीएस (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र) या दोन्ही संस्था करोनाच्या जीनोम पाहणीत होत्या. अशा ठिकाणच्या प्रोजेक्टच्या जागांवर लक्ष ठेवा. मुलाखतीला जाताना स्वतः काढलेला एक वृक्ष न्या, आणि त्यातली कुठली फांदी भरवशाची नाही, हे सांगायची तयारी ठेवा.