बेळगावहून कॅनडात पोरांकडं जायलात? मग डॉसन सिटीला तीन रात्री काढाच

आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणीकडची बरीच पोरं आता कॅनडात आहेत, आईवडील उन्हाळ्यात तिकडं जातात आणि नायगारा बघून परत येतात. नायगारा बघाच, पण ज्यांना सोन्याची, जुन्या बाजारपेठेची, माणसांच्या धडपडीची गोडी आहे त्यांनी पार उत्तरेला युकॉनमधल्या डॉसन सिटीला जावं असं मला मनापासून वाटतं. मी जाऊन आल्यापासून बरेचजण विचारायलेत, म्हणून सगळं एकदाच लिहितो.

आधी व्हिसा. हे काम जानेवारी-फेब्रुवारीतच सुरू करा, बायोमेट्रिकला बेंगळूर बरं पडतं, राणी चन्नम्मात रात्री बसलं की सकाळी तिथं. जायचं जून ते ऑगस्टमध्ये. सप्टेंबर अर्धा झाला की बरीच ठिकाणं बंद व्हायला लागतात आणि थंडीत पारा शून्याच्या खाली चाळीसपर्यंत उतरतो. जूनमध्ये मात्र रात्री बारा वाजतासुद्धा उजेड असतो, झोप लागत नाही, डोळ्यांवरची पट्टी न्या. गाव लहान आहे, दीड-दोन हजार वस्तीचं, खोल्या कमी, त्यामुळं व्हिसा हातात आला की त्याच दिवशी खोली बुक करून टाका.

व्हँकुव्हरहून व्हाइटहॉर्सला विमान, साधारण अडीच तास. तिथून गाडी भाड्यानं घेऊन क्लोंडाइक हायवेनं सव्वापाचशे किलोमीटरच्या वर जायचं, सहा-सात तास धरा. गाडी उजव्या बाजूनं चालवायची असते, इंटरनॅशनल परमिट आरटीओतून इथंच काढून न्या. वाटेत पंप कमी, दिसला की टाकी भरायची, गावं सोडली की मोबाईलला रेंज नाही. आमच्या गाडीच्या काचेवर खडी उडून तडा गेला आणि भाड्यानं गाडी देणाऱ्यांनी तो खर्च आमच्याकडूनच घेतला, इन्शुरन्समध्ये काच धरलेली नव्हती. तेव्हा कागदात काचेचं काय लिहिलंय ते आधी बघा.

गावाजवळ आलं की रस्त्याच्या दोन्ही अंगाला गोट्यांचे लांबच लांब ढीग दिसतात, अळीनं माती टाकल्यासारखे. ते ड्रेज नावाच्या यंत्रांनी टाकलेत. त्यातलं ड्रेज नंबर 4 बोनान्झा क्रीकवर अजून उभं आहे, 1912 साली बांधलेलं, आठ मजली उंच, स्वतःच्याच डबक्यात तरंगत पुढची माती बादल्यांच्या साखळीनं उचलायची, आत धुवायची आणि मागं टाकायची असं त्याचं काम. आतून दाखवतात, ते चुकवू नका.

याच ओढ्यात ऑगस्ट 1896 मध्ये सोनं सापडलं. जॉर्ज कारमॅक, त्याची बायको केट, तिचा भाऊ स्कूकम जिम आणि त्यांच्यातलाच डॉसन चार्ली, ही मंडळी तिथं होती. पुढच्या वर्षी सोनं घेऊन जहाजं सिअ‍ॅटल आणि सॅन फ्रान्सिस्कोला लागली आणि लाखभर माणसं निघाली. चिलकूटचा घाट चढताना प्रत्येकाला वर्षभराची शिधासामग्री, जवळजवळ एक टन, बरोबर न्यावी लागायची, ती पाठीवरून पुन्हा पुन्हा फेऱ्या मारून. त्यातले तीस-चाळीस हजारच पोचले, आणि 1898 मध्ये पोचले तेव्हा चांगल्या जागा केव्हाच वाटून झालेल्या होत्या. ही जमीन मुळात त्रोंडेक ह्वेचिन लोकांची, गर्दीमुळं त्यांना नदीच्या खालच्या अंगाला मूसहाइडला सरकावं लागलं. गावात नदीकाठी त्यांचं दानोजा झो केंद्र आहे, पहिल्या दिवशी तिथं जा, मग बाकीचं गाव वेगळं दिसतं.

गावातले रस्ते मातीचे, कडेला लाकडी फळ्यांचे फुटपाथ. खालची जमीन कायम गोठलेली, घराच्या उबेनं ती विरघळते आणि घर कलतं, तिसऱ्या अ‍ॅव्हेन्यूवर दोन जुनी घरं एकमेकांना टेकलीत ती बघा. संध्याकाळी मिडनाइट डोमवर चढा, युकॉन आणि क्लोंडाइक या दोन्ही नद्यांचा संगम दिसतो. युकॉन नदीच्या पलीकडं न्यायला फुकटची फेरीबोट आहे, फक्त तो रस्ता पुढं अलास्कात जातो, अमेरिकेचा व्हिसा नसेल तर सरहद्दीच्या अलीकडूनच वळा.

आता सोनं धुणं. बोनान्झा क्रीकवर क्लेम नंबर 6 (क्लेम म्हणजे सोनं काढायला आखलेली जागा) सगळ्यांना फुकट खुला असतो, परात तेवढी हवी, ती गावात मिळते. लहानपणी शहापूरच्या सराफ गल्लीत पहाटे झारेकरी गटारातला गाळ परातीत फिरवताना बघितलेत ना, अगदी तोच हात. खडक लागेल तिथला गाळ भरायचा, परात पाण्याखाली धरून डावीउजवीकडं जोरात हलवायची म्हणजे सोनं तळाला बसतं, ते पाण्याच्या एकोणीसपट जड. मग परात जराशी तिरकी करून वरची वाळू हळूहळू सोडायची, घाई केली की गेलं सगळं. शेवटी चमचाभर काळी वाळू राहते, तिच्यात मोहरीच्या सालाएवढा पिवळा कण दिसला तर थांबा, बोट कोरडं करून टेकवा, कण चिकटून वर येतो. पाणी बर्फासारखं, गुडघाभर रबरी बूट लागतात, आणि डास फार, अंगभर कपडे घाला. मला चार तासांत तीन कण मिळाले.

खाण्यासाठी कडक भाकरी आणि शेंगाचटणी घ्या, कस्टमच्या फॉर्मवर खाण्याचं सामान आहे असं मात्र लिहायचं. आणि एक छोटी काचेची बाटली घ्या, औषधाची चालते, तिच्यात पाणी भरून कण सोडले की घरी येईपर्यंत हरवत नाहीत.