मे महिन्यात घरी आलाय आणि करमत नाहीये? मग हे करून बघा

फर्स्ट इयरची परीक्षा संपवून मी पुण्याहून लातूरला आलो तेव्हा पहिले तीन दिवस राजासारखे गेले, रोज आमरस, शेजारच्या काकू येऊन 'किती वाळलास रे' म्हणून गेल्या, सगळं झालं. चौथ्या दिवशी आई बँकेत, पप्पा दुकानात आणि मी अकराला उठून कूलरसमोर रील्स बघत पडलेलो. हॉस्टेलवर रात्री दोनला पण कुणीतरी मॅगी करू म्हणून दार वाजवायचं, इथं दुपारी दोनला गल्लीत कुत्रं पण फिरकत नाही. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की हॉस्टेलवर दोस्ती टिकवायला आपण काही करतच नसतो, मेसमध्ये ताट घेऊन बसलं की समोर कुणीतरी असतंच. घरी आलं की ते आपोआप मिळणारं बंद होतं, मग जरा खटपट करावी लागते, बास एवढंच आहे.

पहिलं म्हणजे 'कधीतरी भेटू यार' हे वाक्य बंद करा. त्या कधीतरीला वार पण नसतो आणि वेळ पण नसते. 'काय करतोय' असा मेसेज टाकला की 'काही नाही, तू?' येतं आणि तिथंच विषय संपतो. त्यापेक्षा 'उद्या सकाळी साडेसहाला ग्राउंडवर ये, बॅट मी आणतो, बॉल तू आण' असं टाका, बॉल आणायला सांगितलाय म्हटल्यावर पोरगं येतंच. साडेसहाच का, तर आमच्याकडे मे महिन्यात नऊनंतर बाहेर उभं राहवत नाही. जे काय भेटायचं ते सकाळी नाहीतर संध्याकाळी सहानंतर.

हॉस्टेलच्या मोठ्या ग्रुपवर अवलंबून राहू नका, साठ जणांच्या ग्रुपवर सुट्टीत फक्त रिझल्टच्या अफवा आणि वाढदिवसाचे केक येतात. रूम सोडायच्या आधीच दोघा-तिघांशी ठरवून टाका, रविवारी रात्री नऊला कॉल. नुसतं बोलायला बसलं की दहा मिनिटांत विषय संपतात, म्हणून सोबत लुडो किंवा बुद्धिबळ लावा, खेळताना शिव्या देता देता खरी गोष्ट बाहेर येते. आमच्यातल्या एकाला दोन विषयात केटी लागली, म्हणजे ते विषय राहिले, ते त्याने असंच, हत्ती मारता मारता सांगितलं.

गावातले शाळेचे दोस्त हा जरा अवघड विषय आहे. कुणी नीटची (मेडिकलची) परीक्षा रिपीट करतोय, कुणी हैदराबादला गेलाय, कुणी भावाच्या मोबाईलच्या दुकानात बसतोय. मी पहिल्या भेटीत 'पुण्यात ना असं असतं' हे इतक्या वेळा म्हटलं की दुकानवाला मित्र गिऱ्हाईक नसताना पण काउंटर पुसायला लागला. दुसऱ्या दिवशी गेलो ते गप स्टूलवर बसलो आणि त्याला स्क्रीनगार्ड लावायला मदत केली, सहातले दोन वाया घालवले, पण नंतर रोज चहाला त्याचाच फोन यायला लागला.

आता सगळ्यात भारी उपाय, आणि यावर तुम्ही हसणार मला माहितीये. कुरडया. उन्हाळ्यात कुठल्या ना कुठल्या गच्चीवर काकू लोकांचं हे चालूच असतं. तीन दिवस गहू भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून, गाळून त्याचा चीक शिजवायचा, आणि तो घोटायला दणकट हात लागतो. तिथं तुमचा नंबर लागतो. सोऱ्या दाबताना ऊन चढायच्या आत उरकायचं म्हणून सगळ्यांची घाई, त्यात कुणाची सून, कुणाचं लग्न, कुणाचं काय, तासाभरात अख्ख्या गल्लीची बातमी कळते. वर वाटीभर गरम चीक खायला मिळतो. पोरांनी लाजायचं काही कारण नाही, मी दोन घरच्या केल्या.

तसंच लग्नाचं. नुसतं खुर्चीवर मोबाईल घेऊन बसलात की चार तास खायला उठतात, त्यापेक्षा पंगत असेल तर वाढायला उभं राहा. हातात वरणाची बादली असली की ओळख करून द्यावी लागत नाही, लोकच विचारतात कुणाचा रे तू.

घरात अगदीच कोंडल्यासारखं वाटत असेल तर एसटी पकडा आणि मावशीकडे नाहीतर हॉस्टेलच्या मित्राच्या गावाला दोन दिवस जाऊन या. मुलींना तर मार्च २०२३ पासून एसटीत अर्धंच तिकीट आहे. पण जायच्या आधी तारीख सांगा, 'येतो कधीतरी' नको, वर लिहिलंय ना.

इंटर्नशिपमुळे पुण्यातच अडकला असाल तर मेस बंद आणि मजला रिकामा, हे घरापेक्षा वाईट. अजून कोण कोण थांबलंय ते वॉचमन काकांना विचारा, त्यांना सगळं माहिती असतं, मग रात्रीचं जेवण तरी एकत्र करा आणि रविवारी सकाळी पर्वती चढा, १०३ पायऱ्या आहेत, फुकट आहे.

आणि हे सगळं करून पण दोन-दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, कुणाशी बोलूच नये वाटतंय असं असेल तर तो नुसता सुट्टीचा कंटाळा नसतो. घरात एकाला तरी सांगा, आणि घरात जमत नसेल तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानस, म्हणजे मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर लावा, फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात.

परत जाताना कुरडयांचा डबा घ्या, पण पिशवीत टाकू नका, एसटीत चुरा होतो. आणि तळायला, ज्याने इंडक्शन लपवून ठेवलंय त्याच्याच रूमवर जा.