लढाई पेटलेली असताना अणूची बातमी कशी वाचायची

कोल्हापूरच्या राजारामपुरीत मी स्पर्धा परीक्षेच्या पोरांना आंतरराष्ट्रीय संबंध शिकवते. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूर सुरू झालं आणि वर्गात एकच प्रश्न आला, "मॅडम, अणुबॉम्ब पडणार का?" गडहिंग्लज-चंदगडकडची पोरं, कुणाचा भाऊ, कुणाचे दाजी सीमेवर. प्रश्न मार्कांचा नव्हताच. तेव्हा त्यांना सांगितलेली पद्धत इथे देते.

आधी बोलणं आणि हालचाल वेगळी करा. खासबागेच्या कुस्ती मैदानात शड्डू सगळेच ठोकतात, त्यावरून निकाल कुणी लावत नाही. १० मेला बातमी आली की पाकिस्तानने नॅशनल कमांड अथॉरिटीची बैठक बोलावली. अण्वस्त्रांचा निर्णय हीच समिती घेते, त्यामुळे टीव्हीवर कल्लोळ. थोड्याच वेळात त्यांचे संरक्षणमंत्री ख्वाजा आसिफ म्हणाले, अशी बैठक झालेली नाही. माझ्या मते ती बातमी दिल्लीपेक्षा वॉशिंग्टनच्या कानावर जावी म्हणून होती. खरी हालचाल दुपारी ३.३५ ला झाली. पाकिस्तानच्या डीजीएमओंनी, म्हणजे लष्करी कारवायांच्या महासंचालकांनी, आपल्या डीजीएमओंना फोन केला आणि संध्याकाळी ५ पासून गोळीबार थांबवायचं ठरलं. म्हणून मंत्र्याच्या भाषणाआधी शोधायचं: फोन चालू आहे का?

मग कागद बघा. ३१ डिसेंबर १९८८ ला दोन्ही देशांनी एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार केला. १९९२ पासून दर १ जानेवारीला दोघं आपापल्या केंद्रांची यादी एकमेकांना देतात. संसदेवरच्या हल्ल्यानंतर सीमेवर फौजा समोरासमोर होत्या, तरी १ जानेवारी २००२ ला यादी दिली गेली. पेपरात ही बातमी चार ओळींची असते. मी तर ती कापून ठेवते.

क्षेपणास्त्राची चाचणी झाली की विचारा, बॅलिस्टिक (उंच जाऊन कमानीने खाली येणारं) की क्रूझ (विमानासारखं उडत जाणारं)? भारत-पाकिस्तानच्या २००५ च्या करारानुसार बॅलिस्टिक चाचणीची आगाऊ सूचना द्यावी लागते. क्रूझ त्यात येत नाही.

व्हॉट्सॲपवरचं तर बोलूच नका. पाकिस्तानातल्या किराणा हिल्सवर, जिथे अण्वस्त्रं ठेवल्याचं बोललं जातं, बॉम्ब पडला, किरणोत्सर्ग सुटला, असं आमच्या घरच्या ग्रुपवरही फिरत होतं. हवाई दलाच्या एअर मार्शल ए. के. भारती यांनी १२ मेच्या पत्रकार परिषदेत तिथे मारा केलेला नाही असं सांगितलं. एका बाजूचं बोलणं पुरत नाही म्हणून व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची वाट बघायची. तिनेही पाकिस्तानातल्या कुठल्याच अणुकेंद्रातून गळती नसल्याचं सांगितलं, तेव्हा मी काकांना उत्तर टाकलं.

इराणची बातमी असेल तर टक्के वाचा. निसर्गातल्या युरेनियममध्ये कामाचा भाग, म्हणजे युरेनियम-२३५, ०.७ टक्के; तो वाढवणं म्हणजे समृद्धीकरण. मोठ्या देशांशी झालेल्या २०१५ च्या अणुकरारात इराणला ३.६७ टक्क्यांची मर्यादा होती. अमेरिका २०१८ मध्ये करारातून बाहेर पडली आणि २०२१ मध्ये इराण ६० वर गेला. बॉम्बसाठी साधारण ९० लागतात, पण ६० पर्यंत पोचताना बहुतेक मेहनत झालेली असते. म्हणूनच "अजून ३० टक्के बाकी" असं कुणी लिहिलं तर मी लाल पेन उचलते.

शेवटी, मध्यस्थ कोण ते नोंदवा. जून २०२५ मध्ये अमेरिका-इराण चर्चेची पुढची फेरी १५ तारखेला मस्कतला होती. १३ तारखेला इस्राएलने हल्ला केला आणि फेरी रद्द झाली. ती रद्द झाल्याचं मध्यस्थ ओमाननेच जाहीर केलं. वहीत "चर्चा फसली" असं एवढ्यात लिहू नका. तारीख, ठिकाण आणि यजमान लिहून पुढची ओळ कोरी सोडा.