राखीव नांगर ठेवताना होणाऱ्या चुका

बोटीवर राखीव नांगर आहे का, असं विचारलं की 'हो, आहे ना' हे उत्तर लगेच येतं. कुठे आहे म्हटलं की लॉकर उपसायला सुरुवात होते.

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. नांगर लॉकरच्या तळाशी, साखळी दुसरीकडे, दोर तिसरीकडे. रात्री वारा फिरतो, मुख्य नांगर घसरायला लागतो, मागे खडक. एकजण इंजिन चालवून बोट जागेवर धरून ठेवतो, दुसरा लॉकरमध्ये डोकं खुपसून फेंडर, बादल्या, जुनी शिडं बाहेर फेकतो. नांगर हाती लागतो तर शॅकलची, म्हणजे साखळी जोडायच्या कडीची, पिन गंजून बसलेली. पक्कड शोधा. पिन सुटते तर दोराचा गुंता. बोटीचा तळ जमिनीला लागतो तेव्हाही राखीव नांगर डेकवरच असतो.

म्हणून नांगर, साखळी आणि दोर कायम जोडूनच ठेवायचे. ५ मीटर खोली आणि डेकपर्यंतची १ मीटर उंची धरली, तर या ६ मीटरच्या सातपटीने साखळी-दोर मिळून ४२ मीटर सोडावे लागतात. १० मीटर साखळी आणि ४० मीटर तीनपेडी नायलॉन दोर असला की भागतं. साखळीच्या बाजूचा फासा थिंबलवर, म्हणजे दोर घासू नये म्हणून फाशात बसवायच्या खोबणीच्या कडीवर, घ्या. शॅकलच्या पिनला ग्रीस लावा, आवळा आणि तारेने बांधून टाका. दोराची वेटोळी करू नका, पीळ पडतो. पिशवीच्या तळाला भोक पाडून बोटीकडचं टोक बाहेर काढा, मग उरलेला दोर हाताने नुसता कोंबत जा. साखळी सर्वांत वर. त्या पिशवीवर दुसरं काहीही ठेवायचं नाही, 'तेवढ्यापुरतं'सुद्धा नाही.

जागा वाचवायला ॲल्युमिनियमचा नांगर सुटा करून ठेवणारे बरेच. टेबलावर पाच मिनिटांत जोडला जातो, हे खरं. हलत्या डेकवर, ओल्या हातांनी, एक नट पाण्यात गेल्यावर जोडून दाखवा. सुटा ठेवायचाच असेल तर पाना आणि जादा नट त्याच पिशवीत बांधा. ओल्या लोखंडाला तो टेकू देऊ नका, ॲल्युमिनियम खाल्लं जातं. हलका, चपट्या पात्यांचा नांगर वाळू-चिखलात छान धरतो, गवतावर घसरतो. मुख्य नांगर त्याच जातीचा असेल तर राखीव वेगळ्या जातीचा घ्या.

जड वादळी नांगर पुढच्या टोकात नको, बोट नाक खुपसते. मध्यभागी, खाली, लाकडी ठोकळ्यांत बसवून दोरीने करकचून बांधा. रबरी हुकवाली दोरी म्हणजे बांधणं नव्हे. १५ किलोचं लोखंड लाटेत सुटलं तर आतून बोट फोडतं.

होकायंत्राजवळ लोखंडी नांगर नको. ओला दोर लॉकरमध्ये कोंडू नका.

बोटीकडचं टोक मोकळं सोडू नका, शॅकलनेही अडकवू नका. डेकवर येईल एवढ्या दोरीने बांधा, म्हणजे वेळ आली तर सुरीने कापता येतं.

डिंगीतून, म्हणजे बोटीच्या छोट्या होडीतून, नांगर नेताना दोर बोटीवरून ओढत नेतात, आणि तीस मीटरवर वल्हवणारा जागच्या जागी थांबतो. दोर डिंगीतच हवा. इथे पिशवीचा क्रम उलटा: आधी साखळी तळाशी, मग दोर, बोटीकडचं टोक सर्वांत वर. नांगर डिंगीच्या मागे बाहेर लटकवायचा, पटकन सुटेल अशा गाठीने. आत ठेवलेला नांगर उचलून टाकायला गेलात तर डिंगी कलंडते.