शरदातील संथ सायकलफेरी : निफाड ते नांदूर मध्यमेश्वर

पावसाळा सरला की नाशिक जिल्ह्यात सायकल बाहेर काढण्यासारखे दिवस येतात, परंतु आश्विनातील ऊन किती लवकर चढते याचा अंदाज नसल्याने अनेकांची पहिलीच फेरी दमछाकीत संपते. म्हणून मार्ग ठरवण्याआधी वेळ ठरवावी. ऑक्टोबरच्या मध्यात येथे सूर्योदय सुमारे साडेसहाला होतो. तांबडे फुटताच निघावे आणि दहाच्या आत परतीला लागावे. दिवाळीनंतर मात्र घाई उरत नाही. निफाडच्या पहाटेच्या थंडीत कानटोपी आणि हातमोजे लागतात आणि अकरापर्यंत सुखाने सायकल चालवता येते.

या हंगामासाठी मी सुचवीन तो मार्ग निफाडहून नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्याकडे जाणारा आहे. जाऊन-येऊन सुमारे पंचवीस किलोमीटर होतात, आणि ताशी बारा-तेरा किलोमीटरपेक्षा अधिक वेग ठेवण्याचे काहीच कारण नाही. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी असलेल्या बंधाऱ्यामुळे ही पाणथळ जागा तयार झाली असून महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून २०२० च्या जानेवारीत तिचे नाव जाहीर झाले. याच बंधाऱ्यातून गोदावरीचे डावा आणि उजवा असे दोन कालवे निघतात. पाणी आपसूक वाहावे म्हणून कालव्याला अगदी अल्प उतार दिलेला असतो, त्यामुळे त्याच्या भरावावरून जाणाऱ्या वाटेवर चढ जवळजवळ लागतच नाही. कमी सवयीच्या माणसाला इतकी सोयीची वाट दुसरी नाही. वाट खुली आहे की नाही, हे मात्र शेजारच्या वस्तीवर विचारूनच पुढे जावे.

पावसाळाभर पडून राहिलेल्या सायकलची साखळी रॉकेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसून कोरडी करावी, तेलाचे थेंब सोडावेत आणि वरचे जादा तेल पुन्हा पुसून टाकावे, नाहीतर धूळ चिकटून तिचा गाळ होतो. ब्रेकच्या रबरात रुतलेली वाळू काढावी. सीटची उंची अशी ठेवावी की पॅडल खाली असताना त्यावर टाच टेकवल्यास पाय सरळ होईल. कच्च्या वाटेवर टायरमध्ये हवा कमाल मर्यादेपेक्षा थोडी कमी भरावी.

खरी तयारी हवी ती सराट्यासाठी. पावसात रस्त्याच्या कडेला पिवळ्या इवल्या फुलांची ही वेल जमिनीलगत पसरते आणि शरदात तिची फळे वाळून त्यांचे टणक, अणकुचीदार तुकडे वाटेवर विखुरतात. म्हणूनच पावसाळ्यात न होणारी पंक्चर नेमकी या दिवसांत होतात. एका सकाळी माझ्या मागच्या टायरमध्ये एकदम चार काटे निघाले. त्यांतला एक काढायचा राहिला आणि नवा पॅच लावूनही शंभर पावलांत ट्यूब पुन्हा बसली. तेव्हापासून मी ट्यूब बाहेर काढली की टायरच्या आतून जाड फडके सावकाश फिरवतो. काटा असेल तिथे ते अडकते. ट्यूबमध्ये थोडी हवा भरून ती गालाजवळ धरली की भोक सापडते. ती जागा पॉलिश पेपरने घासावी, सोल्युशन लावावे, ते वाळून चिकटसर होईपर्यंत थांबावे आणि मगच पॅच दाबावा. या थांबण्यातच बहुतेकांचा संयम सुटतो. एक जादा ट्यूब, टायर काढायचे लिव्हर आणि हातपंप सोबत असावेतच.

वाटेत द्राक्षबागांची ऑक्टोबर छाटणी चाललेली दिसते. बागेत फवारणीचा ब्लोअर चालू असेल तर वाऱ्याची दिशा पाहून अलीकडेच थांबावे, कारण ते औषध नाका-डोळ्यांत जाणे चांगले नव्हे. रस्त्यावर सोयाबीन किंवा मका वाळत घातला असेल तर उतरून कडेने सायकल ढकलत न्यावी. ते कुणाचे तरी वर्षभराचे पीक असते. ऊसतोड सुरू झाल्यावर भरलेल्या ट्रॉलीच्या मागे राहू नये आणि वळणावर तिच्या बाजूने पुढे घुसू नये.

अभयारण्याच्या चापडगावच्या बाजूला पोहोचल्यावर सायकल कुलूप लावून ठेवावी आणि निरीक्षण मनोऱ्याकडे चालत जावे. ऑक्टोबरमध्ये वारकरी, जांभळ्या पाणकोंबड्या आणि मुग्धबलाक हे पक्षी सहज दिसतात, कडेच्या चिखलात शेपटी हलवणारा धोबी पक्षी दिसतो. चक्रवाक आणि थापट्या या बदकांची गर्दी पाहायची असेल तर नोव्हेंबरच्या अखेरीस पुन्हा यावे. भडक रंगाचे कपडे टाळावेत. जवळ दुर्बीण असल्यास पाऊण तास एकाच जागी बसावे, पक्षी आपणहून जवळ येतात.

घरी परतल्यावर दोन्ही चाके हाताने फिरवून टायर नीट न्याहाळावेत. सराट्याचा तुटका काटा रबरात रुतून राहिला असेल तर हवा अगदी हळू सुटते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे, निघण्याच्या वेळी, टायर बसलेला आढळतो.